विहीणबाईंसाठी पंखा

मुलीच्या सासूबाईंना गाडी लागते, ही गोष्ट फ्यूजकाकांना मंगळवारी कळली आणि विहीणबाई येणार होत्या शनिवारी. मधल्या दिवसांत शहाण्या माणसाने गाडी गॅरेजला टाकली असती किंवा सरळ टॅक्सी ठरवली असती. फ्यूजकाकांनी स्क्रूड्रायव्हर काढला.

फ्यूजकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. वीज कंपनीच्या कचेरीत ते अठ्ठावीस वर्षं कारकून होते, तेही पत्ताबदलाच्या टेबलावर. विजेशी त्यांचा संबंध एवढाच, की डोक्यावर पंखा फिरायचा. पण एकदा शेजाऱ्यांकडे अंधार झाला असताना त्यांनी खाली पडलेला मेन स्विच वर केला आणि (योगायोगाने) उजेड पडला. तेव्हापासून सगळी गल्ली त्यांना फ्यूजकाका म्हणू लागली. त्यांनीही कधी नाकारलं नाही. मोठेपणा असा आयता दारात आला, तर त्याला परत कोण पाठवतो?

मंगळवारी मुलीचा फोन आला तो असा :

"बाबा, आईंना गाडीत मळमळतं. पुढच्या सीटवर त्या बसत नाहीत, भीती वाटते म्हणतात. मागे बसून तोंडावर सारखा वारा लागला, की काही होत नाही."

"वारा ना? लागेल की!"

"कुठून लागेल? तुमचा एसी बंद, मागच्या काचा चार बोटं उतरून अडकतात. बाबा, त्या पहिल्यांदाच येतायत आपल्याकडे. लग्नात तुम्ही त्यांची बॅग दुसऱ्याच बसमध्ये चढवलीत, ते अजून विसरलेल्या नाहीत."

विहीणबाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या काही विसरत नाहीत, याबद्दल काकांच्या मनात शंका नव्हती. लग्नानंतर आठ महिने झाले तरी फोनवर त्या काकूंची चौकशी करत, कुंडीतल्या झाडांची करत, आणि शेवटी "बाकी सगळे बरे ना?" या बाकीत काकांना आटोपत. आता दोन दिवस मुक्कामाला येत होत्या. बिघडलेलं सावरायची हीच वेळ होती.

काकांनी ठरवलं, मागच्या सीटसमोर एक छोटा पंखा बसवायचा. पंखा बुधवारीच आणला. गॅरेजवाल्याने मात्र डोकं खाजवलं.

"वायर पुढून आणावी लागेल. फ्यूज बॉक्समधून, कार्पेटखालून. सीटा काढाव्या लागतील. मंगळवारी आणा."

"अहो, शनिवारी पाहुणे आहेत."

"मग पाहुण्यांना मंगळवारी आणा."

काका तडक घरी आले. काकू म्हणाल्या, "अहो, ज्याचं काम त्याला करू द्या."

"अगं, अठ्ठावीस वर्षं वीज कंपनीत काढली मी."

"पत्ते बदलण्यात."

काकांनी ते ऐकलंच नाही. डिकी उघडून आत डोकावल्यावर त्यांना साक्षात्कार झाला होता. मागच्या दिव्यांकडे जाणाऱ्या वायरी डिकीतच तर होत्या! मग पुढून वायर ओढत आणायची कशाला? वीज ती वीज. पुढची काय नि मागची काय! त्यांनी किल्ली फिरवली, टेस्टर घेतला आणि एकेक वायर तपासली. पहिली मेलेली. दुसरी मेलेली. तिसरीला टेस्टर लागताच लखकन पेटला. काकांनी तिला पंख्याची वायर जोडली, वर काळी पट्टी गुंडाळली आणि पंखा गरगर फिरू लागला.

काकूंना मागे बसवून पाहिलं.

"खरंच छान लागतोय हो," काकू म्हणाल्या. इतकं कौतुक काकांच्या वाट्याला लग्नानंतर दुसऱ्यांदाच आलं होतं, त्यामुळे त्यांनी पुढची तपासणी केली नाही. शुक्रवारी मुलगी माहेरी आली, तिलाही जागच्या जागी बसवून वारा दाखवला. तिनेही मान डोलावली.

शनिवारी सकाळी काका बसस्टँडवर हजर झाले. व्याही (मितभाषी गृहस्थ, त्यांच्या वाटचं विहीणबाईच बोलत) आणि विहीणबाई मागे बसले. काकांनी गाडी सुरू केली, मागे घेतली आणि पंखा जोरात फिरला.

"अरे वा," विहीणबाई म्हणाल्या. "हे तुम्ही केलंत?"

"हो. घरच्या घरी," काका विनयाने म्हणाले आणि त्यांनी पहिला गिअर टाकला. पंखा थांबला.

"बंद पडला," विहीणबाईंनी सांगितलं.

"पडणार. म्हणजे, येईल. लोड घेतोय."

लोड म्हणजे नेमकं काय, हे काकांनाही माहीत नव्हतं. पण कचेरीतले इंजिनिअर कोणी काही विचारलं की हेच म्हणत. पंखा काही आला नाही. रस्ता खोदलेला, ऊन चढलेलं. आरशात काकांना विहीणबाईंचा चेहरा दिसत होता. तो आधी पिवळा झाला, मग त्यावर एक हिरवट झाक आली. व्याह्यांनी न बोलता खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढून मांडीवर ठेवली.

रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. रांगेत उभं असताना काकांनी खटके दाबले, डॅशबोर्डवर चापट्या मारल्या आणि मग त्यांना आठवलं, की स्टँडवर गाडी मागे घेताना पंखा फिरत होता. त्यांनी क्लच दाबून हळूच रिव्हर्स गिअर टाकला. पंखा भर्रर्र!

"आला!" विहीणबाई जिवात जीव आल्यासारख्या म्हणाल्या.

आला, पण त्याबरोबर काकांच्या डोक्यातही उजेड पडला. घरासमोरचा रस्ता उताराचा. हँडब्रेकवर काकांचा विश्वास नाही, म्हणून गाडी नेहमी रिव्हर्स गिअरमध्ये टाकून उभी करायची. बुधवारीही ती तशीच होती. म्हणजे टेस्टर पेटला ती वायर रिव्हर्सच्या दिव्याची! गाडी मागे जाणार असेल तरच पंख्याला वीज.

हा शोध काकांनी स्वतःपुरता ठेवला आणि क्लच घट्ट दाबून धरला. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. मागच्या टेम्पोवाल्याने पांढरा दिवा पाहिला होता.

"ओ काका! मागं कुठं येताय?"

"कुठेच नाही! जागेवरच आहे!"

"मग दिवा कशाला लावलाय?"

"पंखा चालू आहे!"

टेम्पोवाल्याने काकांकडे नीट पाहिलं आणि टेम्पो आणखी पाच फूट मागे घेतला. त्याच्या मागची गाडी मागे सरकली, तिच्या मागची सरकली, आणि फाटकात अडकलेली अख्खी रांग उलट्या दिशेने हलू लागली. फाटक उघडलं तेव्हा पुढे जायचं म्हणून काकांनी क्लच सोडला. गिअर बदलायला विसरले. गाडी झोकात मागे गेली. टेम्पोवाला आधीच मागे सरकला होता, म्हणून वाचले सगळे.

व्याही पहिल्यांदाच बोलले. "मागे जाताना चालतो वाटतं."

काकांनी पहिला गिअर टाकला. पंखा थांबला. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

"तात्पुरती अडचण आहे," काका पुटपुटले. "घरी पोचलो, की सोडवतो."

गल्लीच्या तोंडाशी विहीणबाईंनी डोळे मिटले. "थांबवा. आता नाही जमायचं."

"अहो, दोनशे पावलांवर घर आहे. चालत जाऊ या का?"

"पायात बळ नाही." त्यांनी एक डोळा उघडला. तो मुख्याध्यापिकेचा डोळा होता. "पंखा मागे जाताना चालतो ना?"

"हो, पण—"

"मग मागे जाऊनच घरी न्या."

या आवाजासमोर तीस वर्षं कोणी 'पण' म्हटलं नसावं. काकांनी कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत गाडी वळवली, तिची पाठ गल्लीकडे केली आणि रिव्हर्स टाकला. पंखा फिरू लागला. काका मान पूर्ण मागे वळवून बसले आणि गाडी गोगलगायीच्या चालीने उलटी निघाली.

आता अडचण अशी, की मागे बघायचं म्हणजे विहीणबाईंकडेच बघायचं.

"माझ्याकडे काय बघताय? रस्त्याकडे बघा."

"रस्ता तुमच्या मागे आहे, विहीणबाई."

त्यांनी जरा डावीकडे डोकं झुकवलं. काका त्यांच्या कानावरून रस्ता बघू लागले. खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली. इस्त्रीवाल्याने टेबल आत ओढून घेतलं. सायकलवरच्या पोस्टमनने शेजारून जाताना विचारलं, "काका, पुढचे सगळे गिअर गेले का?" शेजारी तर गॅलरीतून ओरडलेच, "फ्यूजकाका, डावीकडे कापा! नाही, तुमचं डावं!" आपलं डावं कोणतं, याचा विचार करता करता काकांची मान, डोळे आणि पोट तीन दिशांना गेले. जगाची प्रत्येक गोष्ट उलटी सरकत होती, कपाळावर घामाचे थेंब जमत होते आणि समोर विहीणबाईंच्या केसांची एक बट वाऱ्यावर मजेत उडत होती. त्यांच्या गालांवर रंग परतला होता.

बारा मिनिटांनी गाडी बरोबर घराच्या फाटकासमोर थांबली. एकाही कुंडीला धक्का नाही. पायरीवर काकू आणि मुलगी डोळे विस्फारून उभ्या होत्या. विहीणबाई टवटवीत चेहऱ्याने उतरल्या, त्यांनी केस सारखे केले आणि म्हणाल्या, "वारा उत्तम होता."

काकांना वाटलं, जिंकलं! ते उतरले, हात जोडले, "या विहीणबाई, या," म्हणायला तोंड उघडलं आणि शब्दांऐवजी सकाळचा नाश्ता आला. नेमका काकूंच्या सगळ्यात लाडक्या कुंडीत.

मुलगी पाणी आणायला धावली. काकू जागच्या हलल्या नाहीत. धावल्या त्या विहीणबाई. शाळेच्या सहलींचा दांडगा अनुभव; एका हाताने त्यांनी काकांचं कपाळ धरलं, दुसऱ्याने पाठ थोपटली. "होऊ दे, होऊ दे. लाजायचं नाही. व्हायचं ते होऊन जाऊ दे."

व्याह्यांनी हातातली कोरी पिशवी उघडून पुढे केली.

थोड्या वेळाने काका पायरीवर बसले. मान अजून मागेच वळलेली होती, त्यामुळे पाहुण्यांशी बोलताना ते भिंतीकडे बघत होते. विहीणबाई काकूंना दटावत होत्या, "यांना गाडी लागते, हे आधी सांगायला काय झालं होतं? आम्ही टॅक्सीने आलो असतो." मग त्यांनी पर्समधून आपली गोळी काढली आणि काकांच्या तळहातावर ठेवली. आठ महिन्यांत त्या पहिल्यांदाच काकांशी इतक्या मायेने बोलत होत्या.

"सोमवारी आम्हाला सोडायला याल ना, तेव्हा निघायच्या अर्धा तास आधी ही घ्या. गाडी आमचे हे चालवतील. तुम्ही आपले मागे बसा, पंख्यासमोर."