टॉवेलाखालचा ओटीपी

डॉक्टर नूतन यांचा आपल्या आवाजावर फार विश्वास होता, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. बेल्ह्याजवळच्या करंजवाडीत जनावरांच्या सरकारी दवाखान्यात त्या आल्यापासून गोचिडांपासून गर्भतपासणीपर्यंतच्या सगळ्या सूचना गाव त्यांच्याच तोंडून ऐकत असे. ग्रामपंचायतीच्या घंटागाडीवर त्यांचं रेकॉर्डिंग रोज वाजायचं. ओला कचरा, सुका कचरा आणि मधे डॉक्टरीणबाई. तालुक्याच्या बैठकीत इतर डॉक्टर 'लोक ऐकत नाहीत' असं रडगाणं गायला लागले, की त्या म्हणत, "लोक ऐकतात. सांगता आलं पाहिजे."

त्या रविवारी पारापुढे दीडशे जनावरं उभी होती. शेजारच्या गावात लम्पी निघाला होता आणि दुसऱ्या दिवशी बेल्ह्याचा बैलबाजार. लस न टोचलेलं एखादं जनावर बाजारातून रोग घेऊन आलं, की तो गोठ्यागोठ्यात फिरणार. बर्फाच्या पेटीतली पहिली बाटली बाईंनी उघडली. उघडलेली बाटली काही तासांत संपवावी लागते.

पहिली गाय बयाबाईंची होती. दोन वर्षांपूर्वी त्यांची कालवड लम्पीनेच गेली होती, म्हणून म्हातारी उजाडताच येऊन बसली होती. दवाखान्याचा परिचर कुंडलिक याने गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर मोबाईलवर टाकला.

"आजी, तुमच्या मोबाईलवर चार आकडं आलं असतील. तेवढा ओटीपी सांगा."

बयाबाईंनी मोबाईल कमरेला खोचला. "न्हाई सांगायची."

"अहो, त्याशिवाय नोंद होत नाय!"

"डाक्टरीनबाईंनीच सांगितलंय, सांगू नका म्हणून," मागून सावळाराम गरजला. सावळाराम म्हणजे गावातलं मोठं खटलं. तो पुढे झाला की वाडी मागे असायची.

बाई काही बोलणार, तोच कोपऱ्यावरून घंटागाडी वळली. "बंधू-भगिनींनो, ओटीपी कुणालाही देऊ नका! बँकवाला मागेल, देऊ नका! जनावरांचा डॉक्टर मागेल, देऊ नका! मी स्वतः, डॉक्टर नूतन, समोर उभी राहून मागितला, तरी देऊ नका!"

महिन्यापूर्वी गाईचा विमा काढतो म्हणून एक भामटा वाडीला गंडवून गेला होता. तेव्हा बाईंनी हे रेकॉर्डिंग तडफेने केलं होतं. शेवटचं वाक्य तर त्यांना भरात सुचलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमानही होता.

"ते भामट्यांसाठी होतं हो," बाई म्हणाल्या.

"भामटाबी आसंच म्हणत व्हता," सावळाराम म्हणाला.

बाईंनी ओळखपत्र काढलं. तसलं कार्ड भामट्याकडेही होतं, म्हणे. कुंडलिक हळूच म्हणाला, "म्याडम, आधी टोचू, नोंद मागनं करू." पण नोंद नसलेल्या जनावराला उद्या बाजारात शिरू देणार नव्हते, आणि वरिष्ठांच्या हिशेबी ती लस वाया गेली असं धरलं जाणार होतं.

मग बाईंनी घंटागाडी थांबवली आणि जागेवरच नवं रेकॉर्डिंग करून वाजवलं: आज ओटीपी द्यायला हरकत नाही. तिथेच सगळं बिघडलं. "हल्ली मोबाईलवर कुणाचाबी आवाज बनवत्यात राव!" सावळाराम ओरडला, आणि आता तर समोर उभ्या असलेल्या बाईंकडेही लोक संशयाने बघू लागले. दोघातिघांनी दावी सोडली.

"कानात तरी सांगा," बाई काकुळतीला आल्या.

"खोडदच्या दुर्बिणीच्या त्या थाळ्या पार आभाळातलं ऐकत्यात, हितलं न्हाई व्हय ऐकणार?" सावळाराम म्हणाला.

बाईंनी पेटीकडे पाहिलं. लोकांनी आपलं ऐकलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

पाराच्या कडेला महंमद हनीफ चहा पीत होते. चाळीस वर्षं बैलांचा व्यापार केलेला माणूस. सावळारामची खिलारी जोडी उद्याच्या बाजाराला न्यायला ते आले होते, आणि आता जोडीच अडकली होती.

"सावळारामभाऊ, आपण जोडीची किंमत कधी तोंडानं बोललो का?"

"न्हाई."

"मग?" हनीफभाईंनी खांद्यावरचा टॉवेल काढून बाईंच्या हातावर टाकला. "बाजारात टॉवेलाखाली बोटं दाबत्यात. एक बोट म्हंजे एक, पंजा म्हंजे पाच, पंजा दाबून वर एक बोट म्हंजे सहा, शून्याला मूठ. शेजारच्याला कळत न्हाई, आन थाळीलाबी न्हाई."

सावळाराम विचारात पडला. "सांगू नका म्हणलंय," तो सावकाश म्हणाला. "दाबू नका, आसं कुठं म्हणलंय?"

बयाबाई ताडकन उठल्या. टॉवेलाखाली हात घालून त्यांनी बाईंची बोटं अशी आवळली की बाई कळवळल्या, पण चार आकडे बरोबर निघाले. मग रांगच लागली. बायकांचे आकडे बाई घेत होत्या, पुरुषांचे कुंडलिक. सावळारामने तर विकणाऱ्याच्या जुन्या सवयीने एक बोट जास्तच दाबून पाहिलं. चार वाजता पेटी रिकामी झाली.

तेवढ्यात तालुक्याहून साहेबांचा फोन आला. स्पीकर चालूच होता. "मॅडम, सकाळभर एक नाही आणि दुपारी दीडशे नोंदी? सिस्टीमला संशय आलाय. मंजुरीसाठी तुमच्या मोबाईलवर ओटीपी पाठवलाय, तेवढा सांगा पटकन."

बयाबाई बाईंच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. बाईंनी टॉवेल झटकला आणि घंटागाडीवरच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "साहेब, ओटीपी आम्ही कुणाला सांगत नाही. करंजवाडीला या."

"आता पटलं," बयाबाई गाईचं दावं सोडत म्हणाल्या, "हीच आपली खरी डाक्टरीन."

साहेब तासाभरात आले. टॉवेल त्यांना सावळारामने दिला.