कार्ड बोलेल, आपण गप्प!

पुढची बाजू

"कार्ड असं हवं, की आपल्याला तोंडच उघडावं लागू नये! कार्ड बोलेल, आपण गप्प बसायचं!"

मॅनेजरने हे जाहीर केलं तेव्हा ऐकायला दोघीच होत्या, बायको आणि आत्या. कंपनीतली बाकीची माणसंही तेवढीच. डुगडुगणारी टेबलं आणि कुरकुरणाऱ्या खुर्च्या दुरुस्त करणारी कंपनी! रंधा-करवत बायकोच्या हातात, फोन आत्याच्या हातात. मॅनेजरच्या हातात मात्र घरच्यांनी ठेवलेल्या 'मॅनेजर' या नावाखेरीज काही नव्हतं. म्हणून तर त्याला कार्ड हवं होतं.

आणि तेही लवकर. वाचनालयाच्या मुख्य बाईंनी गुरुवारी भेटायला बोलावलं होतं. दालनभर टेबलं! ते काम मिळालं तर कंपनी उभी राहणार. नाही मिळालं तर मॅनेजर पुन्हा जुन्या ऑफिसात, जुन्या साहेबांपुढे, जुन्याच खुर्चीत. "तुझी जागा ठेवतो हं," असं साहेब निरोप देताना इतक्या मायेने म्हणाले होते, की आठवलं तरी त्याला घाम फुटे.

मॅनेजरचं कार्ड असं:
काळं. त्यावर काळ्याच, किंचित उठावाच्या अक्षरांत कंपनीचं नाव आणि काम.

"काळ्यावर काळं?" बायको म्हणाली. "दिसणार कसं?"

"दिसत नाही, जाणवतं! मोठ्या कंपन्या असंच करतात."

"मोठ्या कंपन्यांना लोक ओळखतात रे. आपल्याला वरच्या मजल्यावरचेसुद्धा ओळखत नाहीत."

आत्याचं कार्ड असं:
फोन नंबर. मावेल तेवढा मोठा, पिवळाधमक आणि दोन्ही बाजूंना!

"दोन्ही बाजूंना कशाला, आत्या?"

"मेल्या, टाकलेलं कार्ड नेहमी उलटंच पडतं! आणि पुठ्ठा जाड घे. पातळ कार्डाने धड दातही कोरता येत नाहीत."

"कार्ड दात कोरायला नसतं!"

"मग लोक ठेवतात तरी कशाला?"

बायकोचं कार्ड असं:

(कोरं.)

"माझं काही म्हणणं नाही. फक्त तिथे गेल्यावर चार शब्द तोंडाने बोल."

मॅनेजर हसला. लहान मुलाच्या प्रश्नाला हसावं तसं!

मागची बाजू

मॅनेजरने छापखान्यात फोन केला. "काळ्यावर काळं. फायनल!"

त्याची पाठ वळताच आत्याने केला. "पिवळा नंबर, दोन्हीकडे, जाड पुठ्ठा. फायनल!"

"आत्याचं ऐकू नका!"

"त्याला काय कळतंय? काल-परवापर्यंत मी त्याचं नाक पुसत होते!"

छापखानेवाला अनुभवी माणूस. दोन गिऱ्हाइकं भांडायला लागली की शहाण्याने मध्ये पडू नये, दोघांचंही छापून मोकळं व्हावं, हे त्याचं धोरण!

गुरुवारी सकाळी खोका आला. उचलताना मॅनेजरला वाटलं, आत फरश्या भरल्यात की काय! काळंकुट्ट कार्ड, बिस्किटासारखं जाड. दोन्ही बाजूंना पिवळा नंबर बेंबीच्या देठापासून ओरडत होता. आणि कंपनीचं नाव?

"आहे ना," खिडकीशी उभी राहून, कार्ड तिरकं धरून बायको म्हणाली. "हे बघ... नाही, गेलं. हां, आलं! हात हलवू नको, परत गेलं."

दुसरं छापायला वेळ कुठे होता?

बाईंच्या खोलीबाहेर पंखेवाला, काचवाला, वाळवीवाला अशी रांग. सगळ्यांना भेटून भेटून बाई पिळलेल्या फडक्यासारख्या झाल्या होत्या. आणि त्यांच्या समोरचं टेबल, काय सांगू, डुगडुगत होतं! कपातला चहा वादळातल्या होडीसारखा इकडून तिकडे. एवढी संधी तर देवानेसुद्धा कुणाला दिली नसेल!

मॅनेजरने कार्ड पुढे सरकवलं आणि ठरल्याप्रमाणे गप्प बसला.

"हे काय? नुसता नंबर?" बाईंनी कार्ड उलटलं. "इकडेही नंबर?"

मॅनेजर गूढ हसला.

"आपलं काम काय म्हणालात?"

तो काहीच म्हणाला नव्हता. त्याने बोटाने कार्डच दाखवलं. बाईंनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, टिचकी मारून वाजवलं. तेवढ्यात चहा बशीत उतरला. बाई वैतागून वाकल्या आणि त्यांनी कार्ड टेबलाच्या आखूड पायाखाली सारलं.

टेबल गप्प! चहा गप्प! मॅनेजर तर आधीपासूनच गप्प!

"अहो, काय छान बसलं! फार आभारी आहे हो," बाई अगदी मनापासून म्हणाल्या. मग दाराकडे बघून ओरडल्या, "पुढचे!"

जाडी

(कार्डाला हीसुद्धा एक बाजू असते. मॅनेजरच्या ती ध्यानातच आली नव्हती.)

"मग? बोललं का कार्ड?" बायकोने विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. हसू दाबायला बायकोने घाईघाईने करवतीला धार लावायला घेतली. मॅनेजर मुकाट्याने जुन्या साहेबांचा नंबर शोधू लागला.

तेवढ्यात आत्याचा फोन वाजला. तिने तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"त्या काळ्या पाचरी तुमच्याकडेच मिळतात ना?" वाचनालयाच्या बाई! "मला दालनभर हव्यात! आणि पटकन बोला, नंबर बघायला टेबलाखालची पाचर काढावी लागलीय, इकडे चहा सांडतोय!"

मॅनेजरला कंठ फुटला. "बाई, ती पाचर नाही, कार्ड आहे! आम्ही टेबलंच दुरुस्त करतो!"

पलीकडून फक्त टेबलाचं डुगडुगणं.

"मग तसं सांगायचं नाही का, भल्या माणसा? टेबलवाला अजून आला नाही म्हणून मी केव्हाची तणतणतेय!"

"लिहिलंय त्यावर. खिडकीशी जाऊन जरा तिरकं..."

"उद्या सकाळी येतो, बाई," आत्याने विषय मिटवला.

मॅनेजरने आत्यापुढे हात जोडले. नंबराबद्दल, जाडीबद्दल, लहानपणी पुसलेल्या नाकाबद्दलही! मग त्याने मनोमन छापखानेवाल्याचे आभार मानले, फक्त आपलंच न ऐकल्याबद्दल. ज्या अज्ञात सुताराने बाईंच्या टेबलाचा एक पाय आखूड ठेवला, त्याचेही मानले.

"पुरे रे," आत्या म्हणाली. "एक कार्ड दे इकडे, दातात काहीतरी अडकलंय." तिने कोपरा घालून पाहिला. "जरा जाडच झालं, नाही?"

मग वाचनालयात बायकोने दालन सुतासारखं सरळ केलं. एकही टेबल हलेना. शेवटी ती हातोडी घेऊन बाईंच्या टेबलाकडे वळली, तर बाई दोन्ही हात पसरून आडव्या!

"ह्याला हात लावायचा नाही! हे नीट झालं की ती पाचर हरवणार. मग उद्या काही मोडलं तर तुमचा नंबर मी शोधू कुठे?"

मॅनेजरचा हात खिशातल्या कार्डांच्या चवडीकडे गेला.

बायकोने त्याच्याकडे नुसतं बघितलं.

हात रिकामाच परत आला.