मनगटाचं माप

घड्याळ सैल होतं. ही गोष्ट घरात दोघांनाच माहीत होती, आणि त्यातल्या एकाने ती तोंडातून काढायची नाही असं ठरवून टाकलं होतं.

तो एक म्हणजे मास्तर. शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. खिडकीशी मशीन, मधे कापायचं टेबल, कोपऱ्यात इस्त्री आणि दाराजवळच्या स्टुलावर त्यांची बायको, जिला सगळी गल्ली काकू म्हणायची. काजं, बटणं, हातशिलाई हे काकूंचं खातं. बाकी सगळं मास्तरांचं, आणि बढाईसुद्धा त्यांचीच. गिऱ्हाइकाला टेप लावायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी, घरच्या माणसाचं माप डोळ्यांतच असतं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. सुनेचा लोकरीचा कोट त्यांनी असाच नजरेने शिवला होता. सून परगावी नोकरीला असायची आणि थंडीभर तोच कोट घालायची, हेही ते कुणी न विचारता सांगत.

घड्याळ दिलं होतं ते याच सुनेने. पहिल्या पगारातून, स्वतः निवडून, चकचकीत धातूच्या पट्ट्याचं. मास्तरांना मुलगी नव्हती. डबी उघडली तेव्हा त्यांना भरून आलं आणि ते उगीचच इस्त्री गरम झाली का बघायला गेले. पण हात वर केला की घड्याळ कोपरापर्यंत जाई आणि खाली केला की बोटांवर येऊन मशीनवर खणकन आपटे. शेवटी ते कपाटात गेलं. सून फोनवर विचारायची, "बाबा, घड्याळ घालता ना?" मास्तर सांगायचे, "हातातून काढतच नाही." आता यात तसं खोटं काही नव्हतं. घातलंच नाही तर काढणार कुठून?

आणि आज सकाळी तिचा फोन आला. ऑफिसच्या कामासाठी ती याच बाजूला आली होती आणि संध्याकाळी घरी येणार होती. मास्तरांनी तडक कपाट उघडलं. पोरीने हौसेने दिलेली वस्तू आपण कपाटात टाकली, असं तिला वाटता कामा नये. ती आली की घड्याळ हातात हवं, आणि नीट बसलेलं हवं.

काकूंनी घड्याळजीकडे जायला सुचवलं. मास्तरांना ते लागलं.

"जन्मभर मी लोकांचे कपडे आत घेतले. आता मी दुसऱ्याच्या दारात जाऊन सांगू, हे जरा आत घेऊन द्या?"

"अहो, ते घड्याळ आहे. विजार नव्हे."

"मनगटाची विजारच आहे ती," मास्तर म्हणाले, आणि वादावर पडदा पडला.

पट्ट्याच्या कड्या काढायचं प्लॅस्टिकचं छोटं यंत्र त्यांनी मागेच एका फेरीवाल्याकडून घेऊन ठेवलं होतं. त्यात पट्टा ठेवायचा, फिरकी फिरवायची, की बारीक सळी कडीतली पिन बाहेर ढकलते. इतकं सोपं. कड्यांच्या आतल्या बाजूला बारीक बाण कोरलेले होते. पिन त्या दिशेने ढकलायची असते. मास्तरांना ती नक्षी वाटली आणि कारागिराने नक्षी आतल्या बाजूला का काढावी याचं त्यांना थोडं हसूही आलं. मग त्यांनी बाणांच्या उलट्या दिशेने फिरकी पिळली. पिन जागची हलली नाही. सळी मात्र वाकली.

मास्तर हरणारे नव्हते. त्यांनी मशीनची मोडकी सुई घेतली, बटणं ठोकायची हातोडी घेतली, आणि एकेक ठोका देत कड्या सुट्या केल्या. त्याही सगळ्या एकाच बाजूने. विजारीची कंबर सैल असली की मागच्या एकाच शिवणीतून घ्यायची असते, दोन्हीकडून कुरतडायची नसते, हा त्यांचा नियम. काढलेल्या कड्या हरवू नयेत म्हणून त्यांनी त्या बटणांच्या डब्यात टाकल्या. आता पट्टा जोडायला फक्त एक पिन हवी होती, आणि ती शेवटच्या ठोक्याला उडून कुठेतरी गेली होती.

काकूंनी लोहचुंबक आणून दिला. टाचण्या सांडल्या की त्यानेच उचलायच्या, ही घरची पद्धत. मास्तरांनी तो जमिनीवरून फिरवला आणि वर धरला तर त्याला साळिंदरासारखे काटे फुटलेले. सगळ्या टाचण्या, मोडक्या सुया, एक हरवलेला हूक. पिन तेवढी नाही. मास्तरांनी त्या गर्दीकडे पाहिलं आणि त्यांना मार्ग दिसला. त्यांनी एक जाडशी टाचणी निवडली, कडीत घातली, डोकं दाबलं आणि उरलेलं टोक पक्कडीने वाकवून टाकलं.

घड्याळ बसलं. इतकं बसलं की बक्कल लावताना मास्तरांना श्वास आत घ्यावा लागला. शर्टाच्या कफाला बोटभर सैल ठेवायचं हे त्यांना झोपेतही माहीत होतं, पण स्वतःच्या मनगटाला ते विसरले होते. शिवाय एकाच बाजूने कड्या काढल्यामुळे तबकडी कुशीवर वळली होती. वेळ बघायची तर हात छातीशी धरून मान तिरकी करावी लागे. काकूंनी आवळ होतंय का म्हणून विचारलं. मास्तर म्हणाले, अंगावर बसलेलं आहे.

इतक्यात वकीलसाहेब आले. उद्या ते पहिल्यांदाच मोठ्या कोर्टात उभे राहणार होते आणि त्यासाठी शिवलेल्या काळ्या कोटाची आज शेवटची ट्रायल होती. कोट अंगात चढला. काखेत जरा ओढतंय, असं ते म्हणाले. मास्तरांनी सवयीने हात आत घातला, अस्तरावरून मुंढ्याची शिवण चाचपली, आणि हात बाहेर घ्यायला गेले तर तो येईना. टाचणीचं टोक अस्तरात रुतून आतल्या कॅनव्हासपर्यंत गेलं होतं.

त्यांनी हात खाली ओढला, तर वकीलसाहेब गुदगुल्या होऊन वाकले. वर ओढला, तर शिवण कुरकुरली. कोट काढावा तर बाहीतून मास्तरांचा हातही जायला हवा होता. घड्याळाचं बक्कल उघडावं तर ते वकीलसाहेबांच्या फासळ्यांवर टेकलेलं.

"मास्तर, हे ट्रायलमध्ये नेहमी असतं का?" वकीलसाहेबांनी सौम्यपणे विचारलं.

"शिवण बघतोय," मास्तर म्हणाले. ते बराच वेळ शिवण बघत होते. काकू कात्री घेऊन उठल्या तेव्हा दोघांच्याही तोंडून एकदम नको निघालं. एकाला उद्याचं कोर्ट दिसत होतं, दुसऱ्याला रात्रभर पुन्हा शिवायचा कोट.

आणि दारात सून उभी राहिली. तिला दिसले ते सासरे, अनोळखी माणसाच्या काखेत हात घालून अगदी शांत उभे. तिने पिशवी खाली ठेवली.

"बाबा, काय झालंय?"

"काही नाही, पोरी. घड्याळ घातलंय," मास्तर म्हणाले.

तिने वाकून आत पाहिलं. काम बारीक होतं आणि अंगातला लोकरीचा कोट मधे येत होता. तो उतरवून तिने मास्तरांच्या मोकळ्या हातावर टाकला, काकूंकडून चिमटा मागून घेतला आणि काळ्या कोटात डोकं घातलं. वकीलसाहेबांनी छताकडे पाहायला सुरुवात केली. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला, की ही टाचणी आहे. काकूंनी लोहचुंबक हळूच टेबलाखाली सरकवला.

मास्तर तर ऐकतही नव्हते. मोकळ्या हातावर आपण शिवलेला कोट पडला की शिंप्याची बोटं स्वस्थ बसत नाहीत. ती बाजूच्या शिवणीवरून फिरली आणि थांबली. हा टाका त्यांचा नव्हता. अस्तर जिथे काकूंच्या हातशिलाईने लावलेलं होतं तिथे मशीन चाललं होतं. कोट दोन्ही कुशींना आत घेतलेला होता, आणि थोडाथोडका नव्हे.

टाचणी निघाली, हात सुटला. मनगटावर पट्ट्याचे वळ उमटले होते. मास्तरांनी ते पाहिलेही नाहीत.

"कोट कुणी आत घेतला?"

सुनेने चिमटा टेबलावर ठेवला. "आमच्या तिथे एक आहेत," ती हळूच म्हणाली. "खांद्यात बरोबर होता, बाबा. कुशीत माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या. पण तुम्ही इतक्या हौसेने शिवलात, तुम्हाला कसं सांगणार?"

मास्तरांना वाईट वाटलं. मग हातातल्या वाकड्या घड्याळाकडे लक्ष गेलं, आणि वाईट वाटणं निम्म्यावर आलं.

"हे कोपरापर्यंत जायचं," ते म्हणाले. "तू हौसेने आणलंस. मी तरी कसं सांगणार होतो?"

सून हसली आणि तिचे डोळे भरले. घड्याळ घेतलं त्या दुकानात पट्टा फुकटात लहान करून देतात, सैल आहे एवढं सांगायचं तरी, ती म्हणाली. उद्या दोघं मिळून घड्याळजीकडे जाऊ. काढलेल्या कड्या कुठे आहेत? मास्तरांनी बटणांच्या डब्याकडे बोट दाखवलं. डबा टेबलावर पालथा झाला आणि वकीलसाहेबही, अंगात ट्रायलचा कोट तसाच ठेवून, बटणं चिवडायला बसले.

मास्तर मात्र खुंटीवरची टेप गळ्यात घालून सुनेसमोर उभे राहिले.

"उभी राहा, पोरी. पुढचा कोट मापाने शिवणार."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी घरच्या माणसाला टेप लावली. काकूंनी हातातलं काज पूर्ण केलं, दोरा दाताने तोडला आणि स्टुलावरून उठून सुनेच्या मागे रांगेत येऊन उभ्या राहिल्या.

"तुझं काय?" मास्तरांनी विचारलं.

"माझंही घ्या आता," काकू म्हणाल्या. "लग्नापासून तुम्ही शिवलेला प्रत्येक कपडा, तुम्ही दुपारी झोपलात की उसवून पुन्हा शिवतेय मी."