एस्तेरबाईंच्या पदविकेची नोकरी

एस्तेर साळवे यांच्या नर्सिंगच्या पदविकेला परदेशात नोकरी लागली. एस्तेरबाईंना लागली नाही.

निकालाचं पत्र मार्चमध्ये आलं. त्यात सगळं नीट समजावून सांगितलं होतं. तिथल्या परिषदेने एस्तेरबाईंची साडेतीन वर्षांची पदविका विषयवार तपासली, तासवार तपासली आणि ती तिथल्या शिक्षणाच्या तोडीची असल्याचं मान्य केलं. राहता राहिला इंग्रजीचा प्रश्न. भाषेच्या परीक्षेत एस्तेरबाईंना ऐकण्यात, बोलण्यात, वाचनात पुरेसे गुण होते. लेखनात अर्धा गुण कमी पडला. पदविका मात्र मुळातच इंग्रजीत छापलेली असल्यामुळे तिला परीक्षेतून सूट होती. तेव्हा पात्र ठरली ती पदविका. तिने पहिल्या तारखेला एका लहान शहरातल्या इस्पितळात, वृद्धांच्या वॉर्डात रुजू व्हावं, असं शेवटी लिहिलं होतं. एस्तेरबाईंनी दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करायला परिषदेची हरकत नव्हती.

"म्हणजे तू नाय, ती चालली," दानिएलराव म्हणाले. दानिएलराव एस्तेरबाईंचे यजमान, शाळेत चित्रकला शिकवतात. कुठलंही पत्र वाचून झालं की त्याचं सार सांगायची त्यांना खोड आहे.

"घरातलं कुणीतरी चाललंय ना," एस्तेरबाई म्हणाल्या. पण त्यांना वाईट वाटलं. का वाटू नये? वर्षभर ड्युटीवरून आल्यावर कुकरच्या शिट्ट्या मोजत त्यांनी निबंध लिहिले होते: शहरातली वाहतूक, प्राण्यांचे हक्क, दूरदर्शन शाप की वरदान. एखाद्या बाईला प्राण्यांच्या हक्कांबद्दल अडीचशे शब्द सुचले नाहीत, तर तो काही गुन्हा नव्हे.

पदविका चोवीस वर्षं लोखंडी कपाटात, प्लास्टिकच्या फाइलमध्ये, रेशनकार्डाच्या आणि लग्नाच्या फोटोंच्या मधे राहिली होती. मध्यंतरी दानिएलरावांनी हौसेने तिला लॅमिनेट करायचं काढलं होतं, ते बाईंनी होऊ दिलं नव्हतं. ते एक बरंच झालं, कारण लॅमिनेट केलेल्या पदविकेला तिकडे कुणी कामावर घेत नाही. जाण्याआधी दोन दिवस एस्तेरबाईंनी तिला अंगणात सावलीत ठेवलं, डांबराच्या गोळ्यांचा वास जावा म्हणून. सामानात स्वेटर नको होता, तरी शेंगाचटणीचा डबा दिला. वॉर्डातल्या लोकांना होईल. विमानात तिला खिडकीजवळची जागा मिळाली.

"प्रमाणित करण्यात येते की मी सुखरूप पोचले आहे," दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पदविकेचा फोन आला. तिला तसंच बोलता यायचं. "मूळ धारकास कळावे."

"जेवलीस का?" एस्तेरबाईंनी विचारलं. मग आपण काय विचारलं ते लक्षात येऊन त्यांनी तिकडच्या हवेची चौकशी केली.

पहिला आठवडा बरा गेला. पदविकेला सगळे विषय येत होते, आणि शरीरशास्त्रात तर तिला शंभरात अडुसष्ट होते. पण तिने आजवर आजारी माणूस पाहिलेला नव्हता. आठव्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा आवाज अगदी चुरगळलेला होता.

"मिस्टर हॅलोरन, वय त्र्याऐंशी," ती म्हणाली. "अन्न घेत नाहीत. सलाईन लावण्याचा आदेश आहे. शीर सापडत नाही. अभ्यासक्रमात याचे चौदा तास आहेत, ते चौदाही तास माझ्याकडे आहेत. शीर नाही."

"तू डोळ्यानं शोधत असशील."

"होय."

"डोळ्यानं नसती सापडत बाळा. कोमट कपडा घे, हातावर ठेव. हात कॉटच्या खाली सोडायचा, आणि मग डोळे मिटून बोटानं चाचपायचं. दाबलं की परत उसळती ती शीर. नुसतीच कडक लागती ती शीर नाय." एस्तेरबाईंनी फोन कानाशी धरून आपल्याच मनगटावर बोट फिरवलं. "आणि म्हाताऱ्याला सांग, काय करतीयस ते. न सांगता हात धरू नको."

दहा मिनिटांनी पुन्हा फोन आला. "सापडली," पदविका म्हणाली, आणि तिच्या तोंडून पहिल्यांदाच न छापलेला शब्द निघाला. "बाई, सापडली!"

तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन ठरून गेला. इकडे एस्तेरबाई भाकरी थापत, तिकडे पदविका दुपारची सुट्टी झाल्यावर कपडे बदलायच्या खोलीत बसे. कुशीवर वळवताना आधी कुठला गुडघा वाकवायचा, औषध थुंकणाऱ्याला काय बोलावं, रडणाऱ्याला कधी बोलूच नये, हे सगळं एस्तेरबाई सांगत. रुग्णाला अंघोळ घालताना पदविकेने अंगावर प्लास्टिकचा अॅप्रन घ्यायचा, हेही त्यांनीच ठरवून दिलं. ओली होऊन सही फुटली असती तर पंचाईत. हॅलोरनच्या जेवणाचं मात्र लवकर जमेना. "जेवणाचं नावच काढू नको," बाईंनी सांगितलं. "वाटी त्याच्यापुढं ठेव, चमचा त्याच्या हातात दे, आणि आपण शेजारी बसून खिडकीबाहेर बघ. माणसाला कुणी टक लावून बघत असलं की घास गिळत नाय."

जुलैमध्ये पदविकेला कायम करण्यात आलं. एस्तेरबाईंनी आपल्या दवाखान्याच्या लेबर रूममध्ये पेढे वाटले.

ऑगस्टमध्ये नांदूरकुंडच्या ग्रामीण रुग्णालयात, म्हणजे जिथे एस्तेरबाई चोवीस वर्षं नोकरी करत होत्या तिथे, फलकावर सूचना लागली. सर्व परिचारिकांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी मूळ पदविका समक्ष दाखवावी. शेवटची तारीख तीस सप्टेंबर. पडताळणी होईपर्यंत रुग्णाला हात लावू नये. पडताळणीचं काम आस्थापना लिपिक पटारे यांच्याकडे होतं.

"मूळ प्रत?" पटारेंनी विचारलं.

"ड्युटीवर आहे."

"कुठं?"

"परदेशात. वृद्धांच्या वॉर्डात. मागच्याच महिन्यात कायम झाली."

पटारेंनी अभिनंदन केलं, अगदी मनापासून केलं. मग त्यांनी तक्त्यात एस्तेरबाईंच्या नावापुढे पेन टेकवलं आणि उचललं. "झेरॉक्स नाय चालत हो बाई. सत्यप्रतही नाय. मूळच पाहिजे."

"पटारे, तुमच्या दोन्ही पोरींच्या वेळेला लेबर रूममध्ये कोण होतं?"

"तुम्हीच होता. मी कुठं नाकारतोय?" पटारे खाली मान घालून म्हणाले. "पण कशाच्या आधारे होता, एवढंच कागदावर पाहिजे." आणि त्यांनी आपल्यासाठी आलेला चहा बाईंपुढे सरकवला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

तीस तारीख चुकली तर नोंदणी रद्द होणार होती, आणि नोंदणी गेली की नोकरी गेली. एस्तेरबाईंची अजून बारा वर्षं बाकी होती. त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं.

एक दिवस त्या घरी बसल्या. घरातले सगळे डबे घासून झाले. दुसऱ्या दिवशी त्या साध्या साडीवर दवाखान्यात गेल्या आणि बाकावर बसल्या. तेवढ्यात दम्याने बेजार झालेली हौसाबाई दारकुंडे दाखल झाली. तिचा मुलगा तिला दारात सोडून ऊसतोडीची उचल आणायला मुकादमाकडे पळाला होता. सोबत नातेवाईक कोण, असं केसपेपरही लिहिणाऱ्या पटारेंनी विचारलं.

"ही," हौसाबाईने बाकाकडे बोट केलं. "माझी मावशी."

हौसाबाईला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं, मावशींना शेहेचाळिसावं. पण फॉर्मात नातेवाइकाच्या वयाचा रकाना नव्हता, त्यामुळे पटारेंनी लिहून घेतलं.

आता सरकारी दवाखान्यात नातेवाइकाने काय करू नये, याची यादी अजून कुणी केलेली नाही. नातेवाइकाने अंग पुसावं, भरवावं, कूस बदलावी, सलाईनची बाटली संपत आली की हाक मारावी, डॉक्टर काय बोलून गेले ते मराठीत सांगावं. एस्तेरबाईंनी हे सगळं केलं. आठवड्याच्या आत तीसपैकी एकोणीस खाटांच्या कागदांवर त्यांचं नाव नातेवाईक म्हणून लागलं. त्या कुणाची आत्या झाल्या, कुणाची चुलती, आणि एका पिंजाऱ्याच्या तरण्या पोराची तर सासू. पटारेंनी सगळी नाती नोंदवून घेतली आणि मोठ्या कुटुंबाबद्दल त्यांचं कौतुक केलं.

पण नातेवाइकाला लेबर रूममध्ये जाता येत नाही. एका दुपारी आत पहिलटकरीण कण्हत होती, आतली सिस्टर नवी होती, आणि तिने "जोर लाव" असं वेळेआधी सांगितलेलं एस्तेरबाईंना दाराबाहेर ऐकू आलं. त्यांनी दाराला हात लावला आणि मागे घेतला. बाळ सुखरूप झालं, आईही सुखरूप राहिली. तरीही एस्तेरबाई जिन्याखाली जाऊन पोटभर रडल्या. त्या रडल्या हे त्यांनी घरी सांगितलं नाही; डोळ्यांवरून दानिएलरावांना कळलं, आणि दानिएलरावांनी संध्याकाळी फोन आला तसा तो स्वतःच उचलून पदविकेला सगळं सार सांगून टाकलं.

"मी येते," पदविका म्हणाली. आताशा ती असं दोनच शब्दांत बोलायला शिकली होती. "आज राजीनामा देते. तीस तारखेच्या आत पोचते."

एस्तेरबाईंनी फोन हातात घेतला. "हॅलोरन कसाय?"

"आज अर्धी वाटी सूप घेतलं. स्वतःच्या हाताने. मी खिडकीबाहेर बघत होते."

"दुसरी सिस्टर असली की?"

पदविकेला खोटं बोलता येत नव्हतं. तिच्या अंगावर शिक्का होता. "तोंड फिरवतात," ती म्हणाली.

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. दानिएलरावांनी ती उलटली.

"मग येऊ नको," एस्तेरबाई म्हणाल्या.

"बाई, तुमची नोकरी जाईल."

"मला कळतंय ते. खाल्लेलं अंगी लागायला लागलंय त्या माणसाच्या, आत्ता सोडून नाय यायचं. मी सांगितलं तेवढं ऐक."

त्या रात्री दानिएलराव त्यांच्याशी बोलले नाहीत. सकाळी मात्र त्यांनी स्वतः चहा केला, आणि त्यात साखर जास्त पडली होती.

तीस सप्टेंबरला दुपारी पटारेंच्या नावाने परदेशातून सीलबंद पाकीट आलं. अशी कागदपत्रं उमेदवाराच्या हातून न येता थेट कार्यालयाकडे यावी लागतात, हे पदविकेला तिच्या स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक होतं. पटारेंनी एस्तेरबाईंना बोलावलं, सील शाबूत असल्याचं दाखवलं, पाकीट फोडलं आणि वाचायला सुरुवात केली. त्यांना मोठ्याने वाचायची सवय होती.

"मी, खाली सही करणारी मूळ पदविका, लिहून देते की, माझ्यावर ज्यांचं नाव आहे त्या एस्तेरबाई रुग्णसेवेस योग्य आहेत असं माझ्यावर छापलेलं आहे. छापणाऱ्याने छापलं, प्राचार्यांनी सही केली आणि मी कपाटात गेले. ते खरं आहे की नाही, हे मला चोवीस वर्षं माहीत नव्हतं. मला कुणी विचारलंही नाही. इथे आल्यावर मला शीर सापडत नव्हती; ती त्यांनी सापडवून दिली. माणसाला सांगितल्याशिवाय त्याचा हात धरू नये, हे माझ्या कुठल्याच विषयात नव्हतं. ते त्यांनी शिकवलं. त्यांची नोकरी जात असताना त्यांनी मला परत बोलावलं नाही. आपल्या कार्यालयाला माझी पडताळणी करायची होती. त्याऐवजी मीच त्यांची पडताळणी केली आहे. माझ्यावर लिहिलेलं खरं आहे."

पटारेंनी पत्र पुन्हा एकदा वाचलं, पण या खेपेला मनात. मग त्यांनी सूचनेचा कागद काढला आणि तो खालून वरपर्यंत पाहिला. मूळ प्रत आणि धारक यांची एकमेकांशी पडताळणी व्हावी, असं त्यात होतं. कुणी कुणाची करावी, हे लिहिलेलं नव्हतं. त्यांनी तक्त्यात एस्तेरबाईंच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि शिक्का मारला.

"हे आता फाइलला लागंल," ते पत्राकडे हात करून म्हणाले. "मूळ."

"मूळ मी ठेवणार. तुम्ही झेरॉक्स घ्या."

"बाई, तशी पद्धत नाय."

"नसू दे. आजपर्यंत मला असं कुणी लिहिलं नव्हतं, पटारे. हे मी देणार नाय."

पटारे स्वतः उठून समोरच्या दुकानात गेले, झेरॉक्स काढून आणली, फाइलला लावली आणि मूळ पत्र घडी करून बाईंच्या हातात दिलं.

लेबर रूममधून सकाळपासून कुणीतरी कण्हत होतं. एस्तेरबाई आत गेल्या. "आता तुझा हात धरते हं मी," त्या खाटेवरच्या पोरीला म्हणाल्या, आणि मग तिचा हात धरला.