फोमची चप्पल घर बघायला आली

आमच्या गावात फोमची चप्पल पसंत पडली तरी लगेच घरी नेता येत नाही; आधी ती येऊन आपलं घर बघते. चामड्याच्या वहाणेचं किंवा रबरी स्लिपरचं असं काही नसतं. ती पिशवीत घातली की आपली. फोमची मात्र विचार करून हो म्हणते. आपण स्वस्त आहोत, हलक्या आहोत, म्हणून कुणीही उचलून नेऊ नये, एवढंच तिचं म्हणणं असतं. त्यात चूक काही नाही.

मला ती कामासाठी हवी होती. मी मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये भांडी घासते. तिथली फरशी तेलानं आणि साबणानं कायम बुळबुळीत. गेल्या आठवड्यात मी ताटांच्या चळतीसकट घसरले. ताटं स्टीलची, त्यांना काही झालं नाही. माझ्या कमरेला मुका मार लागला, आणि अजून रांगणाऱ्या माझ्या गिरिजाला मला उचलून घेता येईना. मेस बघणाऱ्या पुतळाबाई म्हणाल्या, "सोमवारी न घसरणारी चप्पल पायात दिसली तर आत ये. नाहीतर घरी बस बाई. तुझं डोकं फुटलं तर मी तुझ्या लेकराला काय सांगू?" त्यांचं बरोबर होतं. पण मी घरी बसल्यावर लेकराचं दूध कुठून येणार होतं?

रविवारी सकाळी दुकानदार मुजावरभाई चप्पल घेऊन आले. जांभळी, वर भोकं भोकं, मागे पट्टा. मी आधीच वजरीनं टाचा घासून खोबरेल लावून तयार होते.

"पोरगी दाखवायची असल्यागत पाय काय सजवतीस गं?" सासूबाई म्हणाल्या. मी त्यांना आत्या म्हणते.

मुजावरभाईंनी पाट मागितला.

"चपलेला पाट?" आत्यांनी कपाळाला हात लावला.

"आजी, जमिनीला टेकली की वापरलेली धरतात. मग तिला परत जाता येत नाही. नियम आहे."

नियम म्हटल्यावर आत्यांनी पाट दिला, पण पाय मोडलेला.

पाटावरून बोलत होती ती डावी चप्पल. उजवी नुसती ऐकत होती. बऱ्याच जोड्यांत असंच असतं.

"काम काय?"

"भांडी. उभ्यानं. फरशी ओली असते."

"ओल्याचं आम्हाला काही नाही. धुतल्यावर वाळत कुठे ठेवणार?"

हे विचारणार हे मला माहीत होतं. "सावलीत. माझ्या जावेनं तिची चप्पल पत्र्यावर उन्हात ठेवली, ती आवळून पोराच्या मापाची झाली."

पाटावर दोघी जरा जवळ सरकल्या. मग डावी म्हणाली, "कळलं होतं आम्हाला."

तेवढ्यात गिरिजानं रांगत येऊन उजवीच्या भोकात बोट घातलं. बोट अडकलं म्हणजे? मी धावले. "असू दे," उजवी म्हणाली. त्या दिवशी ती तेवढंच बोलली.

मग डावीनं अट सांगितली. "आम्ही दाराबाहेर राहणार नाही. उंबऱ्याच्या आत राहणार."

"ऐकलंस?" आत्या उसळल्या. "आत ऱ्हाणार म्हणं! अगं, पायातली वहाण पायातच बरी!"

मुजावरभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. फोमच्या चपलेपुढे ही म्हण कुणी काढत नाही. आत्यांनाही ते ठाऊक होतं, जीभ घसरली त्यांची.

"चला भाई," डावी म्हणाली. "घर कळलं."

भाई उठले. त्यांनी पाटाकडे हात नेला तसा मला मेसचा दरवाजा दिसायला लागला, आणि मी त्याच्या बाहेर.

"थांबा," मी म्हटलं. "आत्या बरोबरच बोलल्या."

आत्यासुद्धा माझ्याकडे बघायला लागल्या.

"दाराबाहेर काढली की वहाणेला ऊन लागतं, कुत्रं पळवतं, लग्नकार्यात दुसराच कुणी घालून जातो. पायात असली की ती बरी असते. बरी म्हणजे खुशाल. ज्यानं ही म्हण काढली त्याला वहाणेची काळजी होती."

मुजावरभाई परत बसले. डावी विचार करत होती. "म्हणजे घरातही पायात?"

"घरातही. पोरीला कडेवर घेऊन मोरीत जावं लागतं, ती फरशी तरी कुठं कोरडी असते? देवापुढे जाताना तेवढी काढीन."

"काढून ठेवणार कुठे?"

हे ठरवणं माझ्या हातात नव्हतं, घर आत्यांचं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी गिरिजाकडे बघितलं, मग माझ्या कमरेकडे.

"पाट हाय की," आत्या म्हणाल्या. "मोडका हाय, पर बसतंय त्यावर माणूस."

डावी उजवीकडे वळून काहीतरी कुजबुजली. मग डावी म्हणाली, "पाय दाखवा." मी दाखवले. घालून बघितली तर जमीन एकदम मऊ झाली.

मुजावरभाई निघताना आत्या हळूच म्हणाल्या, "भाई, माझ्या बी टाचा लई दुखत्यात. बघा की एखादी."

"बघतो आजी. तुमची म्हण बाजारात पोचायच्या आत बघायला पाहिजे."

सोमवारी पुतळाबाई दारातच उभ्या होत्या. पायांकडे बघून त्या बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "आलीस ते बरं झालं. आधी आमटीचं पातेलं उचलायला हात दे." एका कानाला त्या, एका कानाला मी. वाफेनं खालचं काही दिसेना. माझे पाय जागच्या जागी थांबले.

"तू आमटी बघ," डावी खालून म्हणाली. "फरशी आम्ही बघतो."

मी आमटी बघितली. मीठ कमी पडलंय, असं तिचं म्हणणं होतं.