सुजाताची घरघर आणि माझी सळई

यंत्राचं दुखणं मला कानाने कळतं! हे मी नाही, आमच्या कारखान्यातले सगळे फिटर म्हणतात. भट्टीला वारा पुरवणारी आमची यंत्रं. हातभर सळईचं एक टोक यंत्राला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, की आतला बिघाड लगेच ऐकू येतो.

तेव्हा एकसष्ट सालच्या थंडीत, एका रविवारी सकाळी, आमच्या चार महिन्यांच्या सुजाताचा श्वास घरघरू लागला आणि मी बायकोला हुकूम सोडला, "सत्यशीला, आन माही सळई!"

"लेकराले सळई लावता? दवाखान्यात चला ना!"

"अवं, पयले बिमारी तं समजू दे!"

बोललो ऐटीत, पण आतून घाबरलो होतो. माझा धाकटा भाऊ असाच छाती भरून गेला होता. त्यावर गावाने केलेला उपाय म्हणजे पोटाला तापल्या सळईचा डाग! म्हणून नागपूरला धम्मदीक्षा घेतल्यापासून मी घरोघर, आता कारखान्याच्या वसाहतीत सेक्टर दोनमध्येही, सांगत फिरायचो, डाग देऊ नका, दवाखान्यात न्या. शेजारच्या तुळसाबाईंच्या हातून तर नातवाच्या वेळी सळई हिसकावून घेतली होती.

सुजाताच्या छातीला टोक लावलं, कान लावला. आत बारीक शिट्टी वाजत होती! नीट ऐकावं म्हणून टोक पुन्हा टेकवलं, तर पोरगी किंचाळली. लोखंड बर्फासारखं गार. यंत्रं कधी तक्रार करत नाहीत, त्यामुळे हे लक्षातच आलं नव्हतं. मग मी सळई जराशी कोमट करायला शेगडीवर धरली.

मांडीवर उघडी पोरगी, हातात सळई, समोर निखारे. नेमक्या तेव्हाच तुळसाबाई विरजण मागायला दारात आल्या.

"अगा बापा! देवीदासभाऊ डाग देऊन राह्यले! थेबी सोताच्या पोरीले!"

"नाही वो मावशी, मी आयकून राह्यलो!"

"सळईनं कोनी आयकते का? मले शिकवत होते, अन् आता?"

पाच मिनिटांत क्वार्टरांची सगळी लाइन आमच्या अंगणात जमली. कुणीतरी शेगडीवर बादलीभर पाणी ओतलं. घरात धूर आणि राखच राख! यंत्रातलं बेअरिंग सळईने कसं ऐकतात, ते मी समजावू लागलो.

"पोरीच्या आंगात बेअरिंग हाय म्हनते!" तुळसाबाईंनी गर्दीला सांगितलं.

निघाली वरात दवाखान्याकडे. पुढे पोरीला घेऊन सत्यशीला, मागे पुरावा म्हणून सळई धरलेल्या तुळसाबाई, शेवटी आरोपी मी.

डॉक्टरांनी आधी पोट पाहिलं. डाग नव्हता. मग छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. माझा तर जीव कानात गोळा झाला होता.

"सीना साफ है. वजन भी ठीक है. सिर्फ नाक बंद है. नमक के पानी की दो बूंदें डालो, दूध पिलाते रहो."

मला रडूच आलं. सगळ्यांसमोर आलं, येऊ दिलं. पण डोळे पुसल्यावर कानाचा अभिमान जागा झाला.

"पन साहेब, मले शिट्टी आयकू आली! एकदम बराबर!"

डॉक्टरांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "इधर आओ. कमीज ऊपर. लंबी साँस लो."

नळी माझ्या छातीवर फिरली. ते हसले.

"कान आपका बढ़िया है. सीटी भी है, मगर आपके अपने सीने में. बीड़ी कितनी पीते हो? बच्ची के पास बैठके?"

सत्यशीलाने माझ्याकडे जे पाहिलं, ते इथे लिहीत नाही.

सुजाताचं नाक दोन दिवसांत मोकळं झालं. माझी औषधाची बाटली महिनाभर चालली. बिडी बंद, बिछाना ओसरीवर. मी कडू औषध घेऊन तिथे खोकत पडायचो आणि आतून सत्यशीलाचा आवाज यायचा,

"हळू खोका ना जी! पोरगी झोपली हाय!"