सुजलेल्या दंडाचं माप

ज्या माणसाच्या बोटांत दिवसाकाठी दहा वेळा सुई घुसते, त्यानं लसीच्या सुईला काय म्हणून घाबरावं? हा प्रश्न मी बायकोला मोठ्या ऐटीत विचारला. ती कोटाला बटणं लावत होती. वर न बघताच म्हणाली, "घाबरू नका. फक्त आधी कोट संपवा आणि मग सुई घ्या."

मी शिंपी आहे. खाली दुकान, वर घर आणि मधल्या जिन्यावर कायम कुणाची तरी अर्धवट शिवलेली पँट. कोट होता मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचा. त्याचं ऑफिस बंद पडलं तेव्हापासून तो घरी बसून होता. आता पलंगापासून चमच्यापर्यंत सगळं विकणाऱ्या एका मोठ्या दुकानानं त्याला मुलाखतीला बोलावलं होतं. तक्रार खिडकीच्या प्रमुखाची जागा होती. मागच्या मुलाखतीला तो मित्राचा कोट घालून गेला होता आणि बाह्या पार बोटांवर आल्या होत्या. साहेबांनी विचारलं, "कोट कोणाचा?" आमचा मेहुणा इतका सरळ, की त्यानं मित्राचं नाव, पत्ता सगळं सांगितलं. नोकरी अर्थातच गेली.

"या वेळी त्याच्या अंगावर त्याच्या मापाचा कोट पाहिजे," बायको म्हणाली. "हीपण संधी हुकली तर तो पुन्हा कुठे अर्ज करायचा नाही. मी ओळखते त्याला."

"अगं, उरलंय काय? बाह्या बसवायच्या आणि एक ट्रायल. मुलाखत परवा आहे. आत्ता सकाळी सुई घेतो, आज संध्याकाळी ट्रायल. लोकांना ताप येतो तो सुईची सवय नसते म्हणून."

बायकोनं माझ्याकडे नुसतं बघितलं. अशा बघण्याचा अर्थ मला लग्नानंतर लवकरच कळायला लागला होता, पण वळला कधीच नाही.

दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "कुठल्या हातावर देऊ?"

"डाव्या," मी म्हणालो, "उजवा धंद्याचा आहे. आणि सुई अशी उभी नका धरू, जरा तिरकी धरा. कापडाला त्रास होत नाही."

"हे कापड नाहीये," असं म्हणून तिनं सुई उभीच मारली. मग सांगितलं, "घरी जाऊन आराम करा. भरपूर पाणी प्या. दंड दुखेल, अंगात कणकण येईल."

थोडा वेळ तिथंच बसायला लावतात. त्या वेळात मी समोरच्या पडद्याची शिवण तपासली. ती वाकडी होती. जाताना मी तेही सिस्टरला सांगितलं आणि छाती काढून बाहेर पडलो. मागे रांगेत कोण उभं आहे, हे बघायचं मला सुचलंही नाही. बघितलं असतं तर ही गोष्टच घडली नसती.

संध्याकाळी बाह्या बसवायला घेतल्या आणि दुकानात थंडी वाजायला लागली. आधी मी खिडकी लावली. मग दार लावलं. मग इस्त्री तापवून तिच्याजवळ हात धरले. शेवटी गिऱ्हाइकाचं अस्तराचं कापड खांद्यावर गुंडाळून मशीनवर बसलो. दात असे वाजत होते की मशीन बंद केल्यावरही चालू असल्यासारखी वाटत होती.

बायको खाली आली. "ताप आलाय तुम्हाला."

"ताप नाही, इस्त्रीची धग आहे."

"इस्त्री कधीची गार पडलीये. वर चला. ट्रायल राहू द्या, उद्या तो आला की त्याच्याच अंगावर घ्या."

आता इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. मेहुणा आणि मी एकाच बांध्याचे. खांदा तोच, छाती तीच, हाताची लांबीसुद्धा तीच. त्यामुळे त्याचे कपडे मी वर्षानुवर्षं स्वतःच्या अंगावरच ट्रायल घेऊन शिवतो. त्याला बोलवायची गरजच पडत नाही. या गोष्टीचा मला भारी अभिमान होता.

"मी आहे ना," असं म्हणून मी अस्तर बाजूला केलं आणि कोट चढवून आरशासमोर उभा राहिलो.

डावी बाही दंडावर घट्ट बसली होती. कापताना चुकलो? मी? पण शिंप्यानं कोटाचं ऐकायचं असतं. शिवणीच्या आत आम्ही थोडं कापड राखून ठेवतो, त्याला माया म्हणतात. होती नव्हती तेवढी माया मी सोडली. बाही दंडावर छान बसली. मग दिसलं की तीच बाही मनगटावर आखूडही पडतेय. ती लांब केली. एवढं होतंय तोवर लक्षात आलं की डावा खांदा उजव्यापेक्षा उंच दिसतोय. उजव्या खांद्यात जाड पॅड घातलं. पुन्हा आरशात बघितलं. कोट असा बसला होता की स्वतःलाच नोकरी द्यावीशी वाटली!

दंडावर लिंबाएवढी सूज आली होती, दुखतो म्हणून तो हात मी कोपरात वाकवून पोटाशी धरला होता आणि ठणक्यानं डावा खांदा कानाजवळ गेला होता. हे सगळं आरशात दिसत होतं. पण शिंपी आरशात फक्त कोट बघतो.

दुसरा दिवस मी पांघरुणाखाली काढला. डोकं ठणकत होतं, सांधे कुणी उसवून पुन्हा शिवल्यासारखे झाले होते. सुईला न घाबरणारा माणूस कूस बदलतानाही बायकोला हाक मारत होता. दुपारी मेहुणा आला. कोट घालून तो माझ्या पलंगापाशी उभा राहिला. मी पांघरुणातून एक डोळा बाहेर काढला. कोट अगदी ओतून बसवल्यासारखा दिसत होता.

"भावोजी, तापात शिवलात तरी काय बसलाय!" तो म्हणाला. डावा हात त्यानं जरा वाकवून पोटाशी धरला होता. मला वाटलं, चांगला कोट अंगात गेला की असा रुबाब येतोच.

"शिंप्याचा हात आहे हा," मी पांघरुणातूनच म्हणालो, आणि बायकोला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी जागा झालो तो अंग हलकं. ताप गेला होता. दंडाला जोर नव्हता, पण सूज पार उतरली होती. चहा पिता पिता मी सहज दंडावरून हात फिरवला. मग पुन्हा फिरवला. मग कप खाली ठेवून टेप आणली. दंडाचं माप नेहमीचंच होतं. म्हणजे मी बाही सोडली ती कोणासाठी?

"अगं, पण त्याला तर बरोबर बसला होता!" मी ओरडलो.

"बसणारच," बायको म्हणाली. "त्यानंही परवाच सुई घेतली. तुमच्याच मागे रांगेत होता. भावोजी घेतायत म्हटल्यावर आपणही घेऊन टाकावी म्हणाला. काल त्याचाही दंड सुजला होता. आज उतरला असेल."

माझं धाबं दणाणलं. तिकडे सूज उतरत होती आणि मुलाखतीची वेळ जवळ येत होती. मी पायजमा आणि घरच्या ढगळ स्वेटरवर तसाच निघालो. खिशात सुई, काळा दोरा. कात्री विसरलो.

त्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एका लांबलचक बाकावर मेहुणा एकटाच बसला होता. डावी बाही पार बोटांवर लोंबत होती आणि उजवा खांदा कानाशी गप्पा मारत होता. मला बघून त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"भावोजी, सकाळी घातला तर हे असं. मी बारीक झालो का हो?"

त्याचा चेहरा बघून मला माझीच लाज वाटली. एवढा भरवसा टाकला होता माझ्यावर आणि मी त्याला पुन्हा दुसऱ्याच्या कोटात बसवला होता. तेही माझ्या सुजेच्या.

"काही बोलू नकोस. हात लांब कर."

उजव्या खांद्यातलं पॅड मी खेचून काढलं आणि खिशात कोंबलं. बाहीची कड आत दुमडून दोन टाके घातले. आता दंडाची रुंदी आत घ्यायची होती. एका हातानं कापड धरायचं आणि दुसऱ्यानं शिवायचं, पण माझा डावा हात अजून वर उचलला जात नव्हता. म्हणून तो मी त्याच्या काखेखाली आधाराला टेकवला आणि उजव्या हातानं भराभर टाके घालत सुटलो. दोन पदरी दोरा, जवळजवळ टाके. शेवटची गाठ मारून दातानं दोरा तोडला, तोच मुलाखतीच्या खोलीचं दार उघडलं.

"या आत," कुणीतरी म्हणालं.

मेहुणा उठला. त्याच्याबरोबर मीही उठलो. उठायचा माझा विचार नव्हता. माझ्या स्वेटरची बाही त्याच्या कोटाच्या बाहीला शिवली गेली होती.

"तोडा," तो कुजबुजला.

मी जोर लावला. माझा टाका, तुटतोय कशाला? उभ्या आयुष्यात मला माझ्या कामाचा एवढा राग कधी आला नव्हता.

आत तीन साहेब होते. समोर खुर्ची एक आणि आम्ही दोघं. मेहुणा बसला आणि मी त्याच्या शेजारी अर्धा वाकून उभा राहिलो. मधल्या बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"हे कोण?"

झालं! मी डोळे मिटले. आता हा खरं सांगणार.

"माझे भावोजी," तो म्हणाला. "माझ्या कोटाला शिवले गेलेत. चूक त्यांची नाही, त्यांना ताप होता." मग त्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं, अगदी शांतपणे. सुई, सूज, बाही, पॅड, सगळं. मध्येच मी "माप चुकलं नव्हतं" असं म्हणायला गेलो तर "भावोजी, तुमचंही ऐकतो, आधी एवढं संपवू दे," असं म्हणून मला गप्प केलं. मला कळ लागली तसा उठून खुर्ची मला दिली आणि स्वतः उभा राहून उरलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली.

शेवटी बाईंनी खणातून कात्री काढून त्याच्या हातात दिली. "आमच्या खिडकीवर दिवसभर असलीच माणसं येतात," माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "पण कुणी त्यांना असं अंगाला शिवून घेऊन येत नाही. सोमवारपासून या."

घरी येऊन बायकोला मी एवढंच सांगितलं की नोकरी माझ्यामुळे लागली. मेहुण्यानं नंतर सगळं सांगितलंच. त्या दिवशी ती हसता हसता जिन्यावरच बसली आणि नंतर डोळे पुसत माझ्यासाठी चहा टाकायला गेली.

तिथं गणवेश तयार मिळतो, हे कामावर लागल्यावर कळलं. कोट आता आमच्या कपाटात आहे. परवा मेहुणा गणवेश घालून दाखवायला आला. दिसत होता खरा देखणा, पण डावी बाही मला दंडावर किंचित घट्ट वाटली. मी खिशातून खडू काढला, बाहीवर खूण करायला वाकलो, आणि मग आठवलं की लसीची दुसरी सुई आम्ही दोघांनी आदल्याच दिवशी घेतली होती. बायको दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी खडू परत खिशात टाकला.